गोळी पोटात गेली, पण लोह रक्तात गेले का?

हिमोग्लोबिन नऊवर आले की शेजारणीपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांचा सल्ला ठरलेला असतो: एक गोळी सकाळी, एक रात्री, म्हणजे लवकर भरून येईल. ऐकायला पटते, पण शरीराचा हिशेब असा चालत नाही. सकाळची गोळी पोटात गेल्यावर काही तासांत यकृत एक संप्रेरक सोडते आणि रात्रीच्या गोळीतले बरेचसे लोह आतड्याच्या पेशीतच अडकून राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३ टक्के होते. गोळ्या गावोगावी फुकट वाटल्या जात असतानाही आकडा चढतो, याला कारणे पुष्कळ आहेत. गिळलेल्या लोहाचे पुढे काय होते हे गोळी घेणारीला कुणी सांगत नाही, हे त्यातले एक.

प्रौढ माणसाच्या अंगात एकूण लोह तीन ते चार ग्रॅम. त्याचा दोन-तृतीयांश भाग हिमोग्लोबिनमध्ये असतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. नंतर पाणथरीतल्या (प्लीहेतल्या) आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात, लोह सोडवून घेतात आणि अस्थिमज्जेकडे परत पाठवतात. असे २० ते २५ मिलिग्रॅम लोह रोज अंगातल्या अंगात फिरत असते. बाहेरून लागते ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम, पाळी येणाऱ्या स्त्रीला थोडे अधिक.

इतकी काटकसर असण्याचे कारण म्हणजे जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. लघवीतून ते जात नाही, पित्तातूनही नगण्य. आणि मोकळे लोह घातक असते: हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याचा संयोग झाला की पेशींची आवरणे आणि डीएनए कुरतडणारे मुक्त कण तयार होतात. बाहेर काढता येत नसल्यामुळे सगळा बंदोबस्त आत घेतानाच करावा लागतो, आणि तो होतो लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात.

तिथल्या पेशीला दोन बाजू आहेत. अन्नाकडच्या बाजूला लोह आधी फेरिक रूपातून फेरस रूपात आणले जाते (क जीवनसत्त्व मदत करते ते इथे) आणि मग डीएमटी-१ नावाचे प्रथिन त्याला पेशीत ओढून घेते. पण पेशीत आले म्हणजे रक्तात आले असे नाही. रक्ताकडच्या बाजूला फेरोपोर्टिन नावाचे एकच दार आहे. पेशीतून लोह बाहेर सोडणारे दुसरे प्रथिन अजून सापडलेले नाही. ते दार उघडे असेल तर लोह पलीकडे जाते, तिथे ट्रान्सफेरिन त्याला उचलते आणि अस्थिमज्जेपर्यंत पोचवते. दार नसेल तर लोह पेशीतच फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनात बांधले जाते. आतड्याची ही पेशी तीन ते पाच दिवसांत झडून विष्ठेत पडते आणि तिच्याबरोबर तुमचे लोहही.

हे दार किती उघडे ठेवायचे ते हेप्सिडिन ठरवते. यकृतात तयार होणारे, अवघ्या २५ अमिनो आम्लांचे हे संप्रेरक २००० च्या सुमारास ओळखले गेले. त्याआधी ‘शरीर लोहाचे नियमन कसे करते’ या प्रश्नाला धड उत्तरच नव्हते. रक्तातले किंवा यकृतातले लोह वाढले की यकृत हेप्सिडिन सोडते. ते फेरोपोर्टिनला जाऊन चिकटते आणि पेशी त्या जोडगोळीला आत ओढून नष्ट करते. दार बंद होते म्हणण्यापेक्षा दार चौकटीसकट उपटले जाते. नवे बसायला वेळ लागतो.

आता गोळीकडे या. ६० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी म्हणजे रोजच्या गरजेच्या तीसपट माल एकदम. रक्तातले लोह झपकन चढते, पाठोपाठ हेप्सिडिन चढते आणि २४ तासांनंतरही ते चढलेलेच असते. ४८ तासांपर्यंत मूळ पातळीवर येते. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी हे लोहाची समस्थानिके (माग काढता येईल असे वेगळ्या वजनाचे लोहाचे अणू) वापरून मोजले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत लोहसाठा आटलेल्या स्त्रियांना ६० मिलिग्रॅमचे १४ डोस दिले होते, एका गटाला लागोपाठ १४ दिवस, दुसऱ्याला एक दिवसाआड २८ दिवस. रोज घेणाऱ्यांत १६ टक्के लोह शोषले गेले, दिवसाआड घेणाऱ्यांत जवळपास २२ टक्के. एकूण लोह अनुक्रमे १३१ आणि १७५ मिलिग्रॅम. गोळ्या तेवढ्याच, पदरात पडले ते वेगळे. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात १२० मिलिग्रॅम एकदम देणे आणि सकाळ-संध्याकाळ ६०-६० देणे यांची तुलना केली, तर विभागून देण्याचा काही फायदा दिसला नाही, हेप्सिडिन मात्र जास्त चढले.

याचा अर्थ सगळ्यांनीच दिवसाआड गोळी घ्यावी असा नाही, आणि इथे समाजमाध्यमांवरचे सल्ले घसरतात. रक्त फारच उतरले की अस्थिमज्जेतल्या बाल-तांबड्या पेशी एरिथ्रोफेरोन नावाचे संप्रेरक सोडतात (याचा शोध २०१४ चा). ते यकृताला हेप्सिडिन कमी करायला लावते. गरज मोठी असेल तर दार बऱ्यापैकी उघडे राहते. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत लोहाच्या कमतरतेमुळे अ‍ॅनिमिया झालेल्या रुग्णांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच दिसले. रोज दोनदा ६० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे हिमोग्लोबिन पहिल्या तीन आठवड्यांत दिवसाआड १२० घेणाऱ्यांपेक्षा वेगाने चढले. एकूण मात्रा सारखी झाल्यावर दुसरा गटही तिथवर पोचला. म्हणून हिमोग्लोबिन ११-१२ च्या आसपास आणि साठा रिकामा असेल, किंवा रोजच्या गोळीने पोट बिघडत असेल, तर दिवसाआड घेणे उत्तम. हिमोग्लोबिन आठ असेल किंवा गर्भारपण असेल तर रोज घ्यायचे, आणि ते डॉक्टर ठरवतील.

हेप्सिडिन आणखी एका कारणाने चढते: जंतुसंसर्ग आणि दाह. जंतूंनाही लोह लागते, म्हणून आजारपणात शरीर ते लपवून ठेवते. संधिवात, क्षय, मूत्रपिंडाचा जुना आजार, लठ्ठपणा यांत दार सतत अर्धवट बंद असते आणि गोळ्या वाया जातात. तापात लोहाची गोळी सुरू करण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

यावरून तपासणीकडे. नुसते हिमोग्लोबिन पाहून चालत नाही, कारण ते सर्वांत शेवटी घसरते. आधी साठा संपतो आणि तो दाखवते सीरम फेरिटिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे निरोगी प्रौढात ते १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेले की लोहाची कमतरता नक्की, पण बरेच रक्तविकारतज्ज्ञ ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. दाह असेल तर फेरिटिन खोटे चढते, म्हणून तिथे सीमारेषा ७०. ‘फेरिटिन ४५, नॉर्मल’ असा कागद संधिवाताच्या रुग्णाच्या हातात असेल तर तो नॉर्मल नसतो. सीरम आयर्न या तपासणीवर एकटीवर विसंबू नये. सकाळी गोळी घेऊन गेलात तर ते चढलेलेच येणार.

सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, एमसीव्ही ८० च्या खाली जाते. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही पेशी लहानच असतात, पण संख्येने भरपूर. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षात) भागा: ६५ ला ५.६ ने भागले तर ११.६ येते. उत्तर १३ च्या खाली आले तर संशय थॅलेसेमियाचा, आणि एचबी-ए२ ची तपासणी हवी. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत हे विशेष लक्षात ठेवावे. अशा माणसाला फेरिटिन न बघता वर्षानुवर्षे लोह देणे चूक आहे.

ब-१२ कमी असेल तर उलट पेशी फुगतात, एमसीव्ही १०० च्या वर जाते. आणि दोन्ही कमी असेल तर? काही पेशी बारीक, काही मोठ्या, सरासरी ८८, म्हणजे कागदावर सगळे छान. अशा वेळी आरडीडब्ल्यू हा आकडा पाहावा. पेशींच्या आकारातली तफावत तो दाखवतो आणि इथे तो वाढलेला असतो. आपल्याकडे ही जोडी दुर्मीळ नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात दोन-तृतीयांश गर्भवतींचे ब-१२ कमी होते, फोलेट (ब-९ जीवनसत्त्व) मात्र एकीचा अपवाद वगळता सर्वांचे पुरेसे. फोलेटचा शोधही मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ पासून ल्यूसी विल्स यांनी मुंबईतल्या गिरणी कामगार गर्भवतींच्या मोठ्या पेशींच्या अ‍ॅनिमियाचा माग काढला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये दाखवले. पुढे त्यातूनच फॉलिक आम्ल हाती लागले. पण ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. हातापायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, विसरभोळेपणा असेल तर आधी ब-१२ तपासायचे. ही तपासणी पहिल्या इंजेक्शनच्या आधी करायची, कारण नंतर आकडा हजारावर जातो आणि काहीच कळत नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनीही तपासावे. पॅन्टोप्राझोल लोहाचे शोषणही कमी करते. ब-१२ फक्त इंजेक्शननेच भरते हा समज खरा नाही. तोंडाने घेतलेल्या १००० मायक्रोग्रॅममधले एक टक्का आपोआप झिरपते, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, आणि ते रोजच्या गरजेच्या कितीतरी वर आहे. मज्जातंतूंची लक्षणे असतील तर मात्र इंजेक्शनच.

गोळी निवडताना वेष्टनावर क्षाराचे वजन लिहिले आहे की मूळ लोहाचे, ते पाहा. २०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये लोह असते सुमारे ६५. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गर्भवतींना ती दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक अशी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस द्यायची आहे. किशोरवयीन मुला-मुलींची निळी गोळी आठवड्यातून एक. सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा-कॉफी आधी-नंतर किमान एक तास नको. कॉफीबरोबर घेतल्यास शोषण निम्म्याने घटल्याचे मोजलेले आहे. गर्भवती बहुधा लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका घोटात घेतात. त्यांत दोन तासांचे अंतर हवे. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. शौच काळी होणारच. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीची झाली तर मात्र ते रक्त असू शकते. आणि डबी मुलांच्या हाताला लागता कामा नये: १० किलोच्या मुलाने दहा लाल गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकते.

लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते, या समजापायी गर्भवतींच्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. हे साफ खोटे आहे. त्वचेचा रंग मेलॅनिनने ठरतो, त्याचा गोळीशी संबंध नाही. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात हेही तसेच: १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमहून कमी, डाळिंबात त्याच्याही निम्मे. मळ्यातल्या पालेभाज्या, अळीव, कडधान्ये, मांसाहार यांचा उपयोग साठा टिकवायला होतो. रिकामा झालेला साठा ताटातून भरत नाही.

किती भरायचे याचे सूत्र आहे. वजन गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. पन्नास किलोच्या, हिमोग्लोबिन आठ असलेल्या स्त्रीला १५ गाठायचे धरले तर १३४० मिलिग्रॅम लोह हवे. झ्युरिकच्या हिशेबाने एका गोळीतून १२-१३ मिलिग्रॅम आत जाते. अ‍ॅनिमियात शोषण वाढते हे धरले तरी गोळ्या शंभराच्या घरात जातात. पंधरा दिवसांची पट्टी संपवून ‘फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार करून पाहावा. उपचार बरोबर लागला असेल तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन दीड-दोन ग्रॅमने चढते. ते पूर्ववत झाल्यावर आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची.

चढले नाही तर डोस वाढवण्याआधी गळती शोधा. पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेले तर ३० मिलिग्रॅमच्या वर लोह जाते. अंकुशकृमी, मूळव्याध, जठरव्रण, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक रोग ही बाकीची नेहमीची कारणे. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत लोह कमी निघाले तर जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी टाळू नये, कारण आतड्याच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाण्याची अनावर इच्छा ही वाईट सवय समजून रागवण्याची गोष्ट नाही. फेरिटिन तपासा, लोह भरले की ती इच्छा बहुधा जाते.

गोळी सोसतच नसेल, आतडे शोषत नसेल किंवा बाळंतपण जवळ आले असेल तर शिरेतून लोह देतात: आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅमच्या पाच-सहा खेपांत, फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० पर्यंत. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत हे टाळतात. लोहाचे सलाइन लावल्यानंतर महिनाभर फेरिटिन फुगलेलेच दिसते, त्यामुळे पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी, आणि पाळीत अजून जास्त जात असेल तर त्यानंतरही दर तीन महिन्यांनी.