रेखाटन, आत्मशोधपर

समोरची माणसे, वस्तू व परिसर प्रत्यक्ष पाहून काढलेल्या रेखाचित्रांतून स्वतःची ओळख धुंडाळण्याची चित्रकलेतील एक पद्धती. आरशात पाहून केलेले स्वचित्र हा तिचा सर्वपरिचित प्रकार; घरची माणसे, वापरातल्या वस्तू, गावचा बाजार यांची नित्य रेखाटने हा दुसरा. प्रस्तुत नोंदीत सातारा व सांगली जिल्ह्यांच्या, विशेषतः जुन्या औंध संस्थानाच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

पाहून रेखाटण्याची रीत महाराष्ट्रात केव्हा रुजली, याविषयी मतभेद आहेत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेपासून (स्था. १८५७) तिचा आरंभ धरण्याचा प्रघात आहे. दुसरे मत तिची मुळे बरीच मागे नेते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (सु. ११२९–३१) आरशातील प्रतिबिंबासारख्या हुबेहूब चित्राला विद्ध असे म्हटले असून कल्पनेने काढलेल्या चित्रापासून ते वेगळे काढले आहे. कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत सांगितलेल्या चित्रकलेच्या सहा अंगांतही (षडंग) सादृश्य म्हणजे मूळ वस्तूशी साम्य येते. तथापि सादृश्याची अपेक्षा बाळगणे निराळे आणि माणूस समोर बसवून रेखाटणे निराळे. मराठाकालीन भित्तिचित्रांतील चेहरे बहुधा एकचश्मी (एका बाजूने दिसणारे, एकच डोळा दाखविणारे) व ठरावीक घाटाचे आहेत. १७९० च्या सुमारास पुण्यातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने गंगाराम तांबट याने पेशव्यांचा गेंडा आणि वेरूळची लेणी रेखाटली; पाठोपाठ आलेल्या जेम्स वेल्स (१७४७–९५) या स्कॉटिश चित्रकाराने नाना फडणीसांसारख्या व्यक्तींची चित्रे केली. हा दुवा ध्यानात घेता अठराव्या शतकाची अखेर हा आरंभकाल मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. औंध (ता. खटाव) येथे त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयामुळे राजा रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रे या दुष्काळी टापूत पाहावयास मिळू लागली. संस्थानाचा आटपाडी भाग आज सांगली जिल्ह्यात मोडतो. त्यातील माडगुळे येथे जन्मलेले व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) लेखक म्हणून ख्यातनाम असले तरी रेखाटनेही करीत. माणदेशी माणूस, जनावर, झाड न्याहाळण्याची त्यांची शिस्त लेखनात आणि रेषेत एकच आहे. या भागात स्वतःचा शोध आपल्या चेहऱ्यापेक्षा भोवतालच्या माणसांच्या चेहऱ्यांतून अधिक घेतला गेला, असे म्हणण्यास हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

स्वचित्रात आरशाचे काही नियम सांभाळावे लागतात. काचेवर उमटलेल्या चेहऱ्याची बाह्यरेषा खडूने गिरवली, तर ती प्रत्यक्ष चेहऱ्याच्या निम्म्या मापाची भरते. माणूस आरशापासून मागे सरकला, तरी हे प्रमाण तेच राहते. डावे-उजवे उलटते, भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि उजव्या हाताने काढणारा चित्रात डावखुरा दिसतो. आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, असेच आरशात पाहून काढलेले रेखाचित्र उपलब्ध आहे. कागदाकडे न पाहता, नजर वस्तूच्या कडेवरून सावकाश फिरवत त्याच गतीने पेन्सिल चालवणे हा एक उपयुक्त सराव होय. त्यात प्रमाण बिघडते, परंतु नाक-ओठ सवयीने न काढता दिसतात तसे काढले जातात. आपलाच मोकळा हात समोर ठेवून हा सराव करता येतो. विळ्याचा जुना व्रण, नखांतली हळद, कामाने जाड झालेली बोटांची पेरे रेषेत आपोआप उतरतात.

शालेय पातळीवर शासकीय रेखाकला परीक्षांमुळे (एलिमेंटरी व इंटरमिजिएट) वस्तुचित्र व स्थिरचित्र गावोगाव पोहोचले. स्मरणचित्राच्या विषयात मात्र पाठ केलेल्या आकृत्यांवर भर राहतो. जत्रा काढताना साताऱ्याचा विद्यार्थी गावालगतचा अजिंक्यतारा किल्ला सोडून दोन त्रिकोणी डोंगर काढतो, हे या शिक्षणातील मोठे वैगुण्य होय. आधी आठवडी बाजारात वही घेऊन बसावयाचे, तराजू धरलेला हात आणि पाटी उचलणारी पाठ पाहून टिपावयाची व मग घरी त्यावरून स्मरणचित्र करावयाचे, हा क्रम कलाशिक्षकांनी अवलंबिणे इष्ट ठरेल.