ब्राउझर पळू लागला, पान जड झालं

१९९१ साली सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातलं पहिलं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा त्यात होता फक्त मजकूर आणि दुवे. १९९३ च्या मोझेइक ब्राउझरने चित्र मजकुराशेजारी आणून बसवलं. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचं, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेचं, पहिलं रूप लिहून काढलं. काम किरकोळच: फॉर्ममधला रिकामा रकाना दाखवून देणं वगैरे.

मग २००४ मध्ये जीमेल आलं, पुढच्या वर्षी गूगल मॅप्स. जावास्क्रिप्टच्या जोरावर पान नव्याने न उघडता नकाशा सरकतो, याचंच तेव्हा अप्रूप होतं. ब्राउझरना मात्र एवढी जावास्क्रिप्ट पेलवत नव्हती. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम काढला तो याच दुखण्यावर. त्याचं व्ही८ इंजिन लार्स बाक यांच्या चमूने डेन्मार्कमध्ये घडवलं होतं. जावास्क्रिप्टचं ते थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करायचं. मोझिला, अ‍ॅपलनेही मग आपापली इंजिनं वेगवान केली.

गोम इथेच आहे. वाचवलेला वेळ वाचकाच्या पदरात पडलाच नाही. पान बनवणाऱ्यांनी तो आधीच खर्चून टाकला. संकेतस्थळांची पानं नियमित मोजणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हच्या नोंदींत २०१० च्या अखेरीस मध्यम वजनाचं पान अर्ध्या एमबीच्या आत होतं. २०२४ मध्ये ते अडीच एमबीच्या पुढे गेलं.

आणि सगळे केबी सारखे नसतात. चित्र उतरलं की काम जवळपास संपतं. जावास्क्रिप्ट उतरल्यावर खरं काम सुरू होतं: ती वाचायची, रूपांतरित करायची, चालवायची, आणि तोवर बोट आपटलं तरी पान ढिम्म. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, पण स्वस्त फोनचा प्रोसेसर त्याने थोडाच बदलला!

देवनागरीवर आळ घेऊ नये. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तिच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात हे खरं. तरी सहाशे शब्दांची मराठी बातमी भरते दहा-पंधरा केबी. उरलेला पसारा चित्रं, फॉन्ट, जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्टांचा.

२०२० मध्ये गूगलने पानं मोजायला नवे निकष जाहीर केले. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, हा एक. दुसरा पान किती हलतं याचा: आपण बातमीवर बोट टेकवायला जावं, तेवढ्यात वरून जाहिरात उतरावी, बातमी खाली सरकावी आणि बोट नेमकं जाहिरातीवर पडावं, हे आता आकड्यात मोजलं जातं.