कूतचा वेढा: एकच उपासमार, दोन वेगळे आजार

आजच्या इराकमध्ये, बगदादच्या खाली टायग्रिस नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या पोटात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं कूत-अल-अमारा हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे जवळजवळ पाच महिने, तुर्की सैन्याने या गावाची पुरती नाकेबंदी केली होती. आत ब्रिटिश जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली अडकलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात डॉर्सेट, नॉरफोक अशा इंग्रज पलटणी होत्या, पंजाबी आणि राजपूत होते, आणि १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. कोकण आणि देशावरच्या कितीतरी घरांतली माणसं त्या वाळवंटात होती.

युद्धाच्या इतिहासात कूतची नोंद एक मानहानीकारक शरणागती म्हणून होते. वेढा फोडायला आलेल्या फौजेतले सुमारे २३,००० जण जखमी झाले किंवा मारले गेले, आणि तरीही आतले सुमारे १३,००० सैनिक शेवटी कैद झाले. पण आहारशास्त्राच्या दृष्टीने कूतमध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि मला ती लढाईइतकीच महत्त्वाची वाटते. कुणीही आखलेला नसताना तिथे एक भयंकर प्रयोग झाला. गाव एक, वेढा एक, भूकही एकच. पण इंग्रज शिपायांना बेरीबेरी, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाला आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा.

याचं कारण शिध्यात होतं. इंग्रज शिपायाला मिळायचा पांढऱ्या पिठाचा पाव. हिंदी शिपायाला मिळायचा आटा, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ, आणि पुढे जव. जानेवारीच्या अखेरीस मांसाचा साठा आटला, तेव्हा तोफखान्याचे आणि घोडदळाचे घोडे कापायला सुरुवात झाली. इंग्रजांनी ते मांस खाल्लं. हिंदू आणि मुसलमान शिपायांनी, थोडे अपवाद सोडले तर, ते नाकारलं.

आधी बेरीबेरी पाहू. गव्हाच्या दाण्यात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मुख्यतः असतं ते कोंड्यात आणि अंकुरात. पीठ पांढरंशुभ्र करायचं तर नेमके हेच दोन भाग काढून टाकावे लागतात. थायमिनशिवाय शरीराला पिष्टातून नीट ऊर्जा काढता येत नाही. ग्लुकोज अर्ध्या वाटेपर्यंत तुटतो आणि पुढची वाट बंद होते. याचा फटका आधी बसतो तो सतत ऊर्जा लागणाऱ्या मज्जातंतूंना आणि हृदयाला. पायाला मुंग्या येतात, पोटऱ्या दुखतात, पाऊल उचलत नाही. उकिडवा बसलेला माणूस हाताचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नाही. बेरीबेरी ओळखायची ती जुनी खूण आहे. काहींच्या अंगावर सूज चढते आणि हृदय थकतं. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो, त्यामुळे हा आजार लवकर डोकं वर काढतो.

कूतमध्येही तो आधी आला. पुढे पांढरं पीठ संपत आलं आणि इंग्रजांच्या वाट्याला आटा आणि जवाचं भरड पीठ आलं. शिपायांच्या मते ही शिध्याची घसरण होती, पण त्यानंतर बेरीबेरी ओसरला. कर्नल पॅट्रिक हेहिर हे वेढ्यातले प्रमुख लष्करी डॉक्टर. त्यांनी नंतर या उपासमारीच्या परिणामांचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. आटा खाणारे हिंदी शिपाई या आजारापासून जवळजवळ पूर्ण सुरक्षित राहिले होते.

स्कर्व्हीची चाल संथ असते. क जीवनसत्त्व पूर्ण बंद झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी ती दिसू लागते. शरीरातल्या पेशींना बांधून ठेवणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन. त्याचे धागे घट्ट वळले जावेत यासाठी हे जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर नवं कोलॅजन कच्चं राहतं. हिरड्या सुजून मऊ पडतात, केसांच्या मुळांशी रक्ताचे ठिपके येतात, दात हलतात. आणि सैनिकाच्या बाबतीत सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे जखमा भरत नाहीत. जुन्या जखमासुद्धा उघडतात, कारण व्रणातलं कोलॅजन आयुष्यभर झिजत आणि नव्याने बनत असतं. १७४० च्या दशकातल्या ब्रिटिश नौदल अधिकारी अॅन्सन यांच्या सागरी मोहिमेच्या वृत्तांतात एका वृद्ध खलाशाची नोंद आहे. १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा पन्नास वर्षांनी स्कर्व्हीमुळे पुन्हा उघडल्या होत्या.

मग घोड्याच्या मांसाने इंग्रजांना कसं वाचवलं? घोडा स्वतःच्या यकृतात क जीवनसत्त्व बनवतो. बहुतेक सस्तन प्राणी बनवतात. माणसात ते बनवणारं जनुक फार पूर्वी निकामी झालं आहे, त्यामुळे आपल्याला ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. ताज्या मांसात ते अगदी थोडं असतं, पण थोडंच पुरतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात रोज १० मिलिग्रॅमने स्कर्व्ही टळते असं दिसलं.

हिंदी शिपायांनी मांस नाकारलं याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. त्यातले कितीतरी जण बोकड आवडीने खाणारे होते. प्रश्न घोड्याचा होता, आणि त्याहून मोठा प्रश्न गावी परतल्यानंतरचा होता. पंगतीत कोण बसवेल, मुलाबाळांची लग्नं कशी होतील? हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंच्या परवानग्या बिनतारी संदेशाने कूतमध्ये पोहोचल्या, पण दूरच्या पंडिताचा निरोप म्हणजे गावाची मान्यता नव्हे, हे त्या शिपायांना पक्कं ठाऊक होतं. एप्रिलमध्ये रोजचं पीठ सव्वाशे ग्रॅमच्याही खाली आलं, विमानांनी टाकलेली पोती पुरेनाशी झाली, तेव्हा कुठे बहुतेकांनी ते मांस खाल्लं. तोवर रुग्णालयात स्कर्व्हीचे रोगी दाटले होते. लोक नदीकाठचा हिरवा पाला खुडून शिजवत होते आणि काहींना त्यातून विषबाधाही झाली.

खरा दोष शिधा आखणाऱ्यांचा होता. हिंदी शिपायाच्या शिध्यात ताजी भाजी नावालाच होती, आणि हे वेढ्याच्या आधीपासूनचं दुखणं होतं. वेढ्याबाहेरच्या मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, हिंदी फौजेतही स्कर्व्हीचे रोगी हजारांनी मोजले गेले. १९१७ च्या चौकशी आयोगाने या मोहिमेच्या रसद आणि वैद्यकीय व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले. पुढे शिध्यात भाज्या वाढल्या, इंग्रज शिपायांना बेरीबेरीवर यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, देण्यात आला.

त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघी संशोधक सैन्याला नेता येतील असे पदार्थ गिनिपिगांना खायला घालून तपासत होत्या. क जीवनसत्त्व तेव्हा कुणी वेगळं काढलेलं नव्हतं. ते १९३० च्या आसपास घडलं. तरीही त्यांचे निष्कर्ष पक्के निघाले. सैन्याला दिला जाणारा वेस्ट इंडीजच्या छोट्या लिंबांचा रस मोठ्या पिवळ्या लिंबाच्या रसापेक्षा फारच कमी गुणकारी होता. हिंदी फौजेसाठी सुचवलेली चिंच, आमचूर आणि आपलं कोकमही त्यांनी तपासलं. स्कर्व्हीवर या सुकवलेल्या आंबट फळांचा गुण अगदीच थोडा निघाला, कारण आंबटपणा टिकला तरी सुकवताना जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं.

सगळ्यात उपयोगी ठरली ती मोड आलेली कडधान्यं. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. दाणा भिजून अंकुर फुटू लागला की ते त्यात तयार होतं. चिक यांची कृती महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला ओळखीची वाटेल: दिवसभर भिजवा, ओलसर फडक्यात एक-दोन दिवस ठेवा, आणि फार वेळ शिजवू नका. अट एकच, दाणा सालासकट अख्खा हवा. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. अख्खी मटकी, मूग किंवा मसूर पोत्यात महिनोन्‌महिने टिकतात, बोटीतून नेता येतात, उन्हात नासत नाहीत. त्यांच्यापासून स्कर्व्हीवरचा उपाय बनवायला पाणी आणि फडकं सोडून काही लागत नाही, आणि ते खाल्ल्याने कुणाच्याही धर्माला बाध येत नाही. चिक आणि ह्यूम यांचा सैन्याच्या शिध्याविषयीचा लेख १९१७ साली प्रसिद्ध झाला. कूत त्याच्या आदल्या वर्षीच पडलं होतं.