नैराश्यावरील ॲक्युपंक्चर

नैराश्याची तीव्रता कमी व्हावी म्हणून शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याची उपचारपद्धती. तिचे मूळ चिनी वैद्यकात आहे. आज ती बहुतेक ठिकाणी नैराश्यविरोधी औषधे किंवा समुपदेशन यांच्या जोडीने वापरली जाते, क्वचित एकटीही. येथे नैराश्य म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. निदान दोन आठवडे बहुतेक दिवसभर मन खिन्न असणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, स्वतःबद्दल अपराधी वाटणे, मरणाचे विचार येणे अशा लक्षणांच्या विकाराला ही संज्ञा आहे. या पद्धतीने गुण येतो का, या प्रश्नाला संशोधनाने एकच एक उत्तर दिलेले नाही. तुलना कशाशी केली यावर उत्तर बदलते, आणि या विषयातील बहुतेक वाद तिथूनच उपजतात.

चिनी वैद्यकातील कल्पना : प्राचीन चिनी वैद्यकात मन आणि शरीर असे दोन कप्पे नाहीत. इ. स. पू. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात प्रत्येक भावनेला एकेक अवयव नेमून दिला आहे : राग यकृताचा, आनंद हृदयाचा, चिंता प्लीहेची, शोक फुप्फुसांचा आणि भीती मूत्रपिंडांची. भावना अती झाली की अवयव बिघडतो आणि अवयव बिघडला की भावना. ‘ची’ नावाची जीवनशक्ती शरीरातील मार्गांमधून वाहते आणि ती तुंबली की आजार होतो, अशी धारणा होती. या तुंबण्याला ‘यू’ म्हणतात. चौदाव्या शतकातील वैद्य झू दानशी (१२८१–१३५८) यांनी तुंबण्याचे सहा प्रकार सांगितले : ची, रक्त, ओलावा, उष्णता, कफ आणि अन्न. नैराश्याच्या रुग्णाला आजचा चिनी वैद्य बहुधा ‘यकृतातील ची तुंबली आहे’ असे सांगतो. घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, पण गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही, या तक्रारीला चिनी वैद्यकात ‘आलुबुखाऱ्याच्या आठळीची ची’ असे नाव आहे. मनाचे दुखणे घशात येऊन बसते हे निरीक्षण अचूक आहे, त्यामागचे स्पष्टीकरण पटो वा न पटो. ची किंवा तिचे मार्ग मात्र शरीररचनाशास्त्राला सापडलेले नाहीत.

बिंदू व कृती : जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत ३६१ बिंदू आहेत. नैराश्यासाठी त्यांतले मोजकेच पुन्हा पुन्हा निवडले जातात. टाळूवरील ‘बाइहुई’ (शंभरांची भेट) आणि दोन भुवयांच्या मधला (या ३६१ बिंदूंच्या बाहेरचा) ‘यिनतांग’ यांची जोडी जवळजवळ प्रत्येक उपचारक्रमात असते. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला ‘शेनमेन’ (चैतन्याचे द्वार), मनगटाच्या थोडे वर स्नायूंच्या दोन दोऱ्यांच्या (कंडरांच्या) मधोमध ‘नेइग्वान’ (आतले नाके), पावलावर अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या हाडांमधल्या खाचेत ‘ताइचोंग’ आणि गुडघ्याखाली ‘झूसानली’ हेही नेहमीचे. परंपरेने काम करणारा उपचारक मात्र सर्वांना एकच यादी लावत नाही. नाडी, जीभ, झोप, पोट, पाळी यांची विचारपूस करून तो प्रत्येकाचे बिंदू ठरवतो. म्हणजे एकाच निदानाचे दोन रुग्ण त्याच्याकडून वेगवेगळ्या ठिकाणी सुया टोचून घेऊन बाहेर पडतात. संशोधकांची पहिली अडचण हीच.

सुई पोकळ नसते. ती सुमारे पाव मिलिमीटर जाड, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असते. ती काही मिलिमीटर ते दोन-तीन सेंटिमीटर आत जाते आणि साधारण २० ते ३० मिनिटे तशीच ठेवतात. अधूनमधून ती फिरवली की त्या जागी जडपणा, बधिरपणा किंवा मुंग्या जाणवतात. या जाणिवेला ‘दची’ म्हणतात आणि ती आली म्हणजे सुई नेमकी लागली असे मानतात. विद्युत ॲक्युपंक्चरमध्ये सुयांच्या जोड्यांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडला जातो. पाश्चात्त्य देशांत आठवड्यातून एक-दोन वेळा असे दोन-तीन महिने उपचार चालतात. चीनमधील रुग्णालयांत हेच उपचार पुष्कळदा आठवड्यातून तीन ते पाच वेळा होतात. दोन्हीकडचे निष्कर्ष एकत्र मांडणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा. तो नेहमीच ठेवला जातो असे नाही.

चाचण्यांचा इतिहास : बीजिंगमधील लुओ हेचुन व सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात विद्युत ॲक्युपंक्चरची तुलना ॲमिट्रिप्टिलीन या त्या काळच्या प्रमुख औषधाशी केली. दोन्हींचा गुण सारखाच आणि सुयांचे दुष्परिणाम कमी, असा निष्कर्ष त्यांनी १९८५ मध्ये मांडला. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातील जॉन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची दोन संशोधने या विषयाची दिशा दाखवतात. १९९८ च्या पहिल्या चाचणीत ३८ स्त्रिया होत्या. काहींना नैराश्यासाठी निवडलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या, काहींना नैराश्याशी संबंध नसलेल्या बिंदूंवर, आणि काहींना नुसते प्रतीक्षायादीत ठेवले. नेमक्या बिंदूंचा गट सरस ठरला आणि बरीच आशा निर्माण झाली. मग त्याच चमूने मोठी चाचणी घेतली. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. सुया घेतलेले दोन्ही गट प्रतीक्षायादीतल्यांपेक्षा अधिक सुधारले होते. पण आठ आठवड्यांनंतर नेमक्या बिंदूंच्या गटात उपचाराला प्रतिसाद देणारे २२ टक्के होते आणि ‘चुकीच्या’ बिंदूंच्या गटात ३९ टक्के. संशोधकांनी आपल्याच पहिल्या आशादायी निष्कर्षाला स्वतः छेद दिला. अशी उदाहरणे विरळाच.

इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या ह्यू मॅकफर्सन यांच्या चमूने वेगळाच प्रश्न विचारला. बिंदू खरा की खोटा हे बाजूला ठेवून, नेहमीच्या उपचारांत ॲक्युपंक्चरची भर घातली तर रुग्णाला काय मिळते, हे त्यांनी पाहिले. उत्तर इंग्लंडमधील ७५५ रुग्णांपैकी ३०२ जणांना ॲक्युपंक्चर, ३०२ जणांना समुपदेशन आणि १५१ जणांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर नैराश्य मोजणाऱ्या ० ते २७ गुणांच्या प्रश्नावलीवर (गुण जितके जास्त तितके नैराश्य तीव्र) नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ॲक्युपंक्चरच्या गटाचे गुण सुमारे २.५ ने आणि समुपदेशनाच्या गटाचे सुमारे १.७ ने अधिक उतरले. या दोन गटांमधील फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. नवव्या आणि बाराव्या महिन्यात नेहमीच्या उपचारांचा गटही सुधारला होता, त्यामुळे तोवर आघाडी पुसट झाली. नैराश्याबरोबर अंगदुखीही असलेल्या रुग्णांना सुयांचा फायदा अधिक झालेला दिसला.

गर्भारपणातील नैराश्य हा या संशोधनाचा वेगळा पदर आहे, कारण तिथे औषध घ्यावे की नाही हा प्रश्न खरोखरच अवघड असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रेचेल मॅनबर यांच्या २०१० च्या चाचणीत १५० गर्भवती होत्या. नैराश्यासाठी निवडलेल्या बिंदूंच्या गटात ६३ टक्के स्त्रियांनी प्रतिसाद दिला. इतर बिंदूंवर सुया आणि मसाज या दोन तुलना-गटांचा एकत्रित आकडा ४४ टक्के होता. पूर्ण बरे होण्याच्या प्रमाणात मात्र अर्थपूर्ण फरक आढळला नाही.

तुलनेचा पेच : गोळीची बनावट प्रत करणे सोपे असते, सुईची नाही. त्यासाठी तीन उपाय काढले गेले : चुकीच्या जागी टोचणे, अगदी वरवर टोचणे, किंवा नाटकातल्या कट्यारीसारखी टोक आत सरकणारी, त्वचेला टेकणारी पण न शिरणारी सुई वापरणे. जर्मनीतील कॉनराड स्ट्राइटबर्गर यांनी अशी सुई १९९८ मध्ये प्रसिद्धीस आणली. रुग्ण फसतो, पण टोचणारा फसत नाही. आपण खरी सुई टोचतो आहोत की खोटी हे त्याला ठाऊक असते आणि ते त्याच्या चेहऱ्यावर, बोलण्यात उतरू शकते. शिवाय त्वचेला होणारा नुसता स्पर्शही मज्जातंतूंना जागे करतो. म्हणजे ‘खोटा’ उपचार पूर्णपणे निष्क्रिय असतो असेही म्हणता येत नाही.

वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ मधील आढाव्यात ६४ चाचण्या आणि ७,१०४ रुग्ण होते. काहीच न करणे किंवा नेहमीचे उपचार यांच्याशी तुलना केली तर ॲक्युपंक्चरचा फायदा मध्यम दिसतो. खोट्या सुईशी तुलना केली की तो नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन मापनश्रेणीवर सुमारे १.७ गुणांवर येतो. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००४ मध्ये औषध आणि खोटी गोळी यांच्यात ३ गुणांचा फरक असेल तर तो रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण धरला होता. थोडक्यात, तुलनेचा उपचार खऱ्या सुईच्या जितका जवळ सरकतो तितका फायदा आटतो. त्यातही आढाव्यातील बहुतेक पुरावा कमी किंवा अतिशय कमी दर्जाचा ठरला. आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. अँड्र्यू व्हिकर्स व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की चीनमधून प्रसिद्ध झालेल्या ॲक्युपंक्चरच्या, त्यांनी तपासलेल्या सगळ्या चाचण्या अनुकूलच होत्या. एकही चाचणी नापास होत नसेल, तर शंका परीक्षेबद्दलच येते.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर चित्र इतके कोरडे नाही. आठवड्याला एकदा कोणीतरी झोपेची, भुकेची चौकशी करते, हात लावते, अर्धा तास शांत पडून राहू देते. घराबाहेर पडणेच जिथे डोंगराएवढे वाटते, तिथे या ठरलेल्या भेटीला स्वतःचे मोल आहे. ते मोल सुईच्या खात्यात मांडायचे की भेटीच्या, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. प्रस्तुत लेखकाचा कल भेटीकडे आहे.

शरीरात काय घडते : विद्युत ॲक्युपंक्चरने मेंदू व मज्जारज्जूत अफूसदृश नैसर्गिक द्रव्ये स्रवतात, हे बीजिंगचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हान जिशेंग यांनी वेदनेवरील प्रयोगांतून दाखवले. कमी वारंवारतेला (२ हर्ट्झ) एन्केफॅलिन आणि जास्त वारंवारतेला (१०० हर्ट्झ) डायनॉर्फिन, असा फरकही त्यांना आढळला. दीर्घ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांमध्ये सेरोटोनिन, ताणाची संप्रेरके आणि चेतापेशींना पोसणारी प्रथिने यांच्या पातळ्या सुयांनी बदलल्याचे प्रयोग पुष्कळ आहेत. पण उंदराचे वागणे आणि माणसाचे नैराश्य यांतले अंतर मोठे आहे.

मान्यता : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० नंतरच्या एका अहवालात नैराश्याचा समावेश ‘ॲक्युपंक्चर परिणामकारक सिद्ध झालेल्या’ विकारांत केला गेला होता. चाचण्यांचा दर्जा पुरेसा तपासला नाही म्हणून त्यावर कडक टीका झाली. कॅनडातील मनोविकारतज्ज्ञांच्या कॅनमॅट या गटाने २०१६ मध्ये सौम्य ते मध्यम नैराश्यात पूरक उपचार म्हणून ॲक्युपंक्चरला तिसऱ्या पसंतीचे स्थान दिले.

सुरक्षितता : प्रशिक्षित हातांत धोका कमी असतो. ब्रिटनमधील सुमारे ३४,००० उपचारांच्या २००१ मधील पाहणीत एकही गंभीर इजा नोंदली गेली नाही. किंचित रक्त येणे, काळेनिळे पडणे, दुखणे, चक्कर येणे हे नेहमीचे त्रास. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, पण ते फार दुर्मीळ. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तसे आधी सांगावे. पेसमेकर असलेल्यांना विद्युत ॲक्युपंक्चर देत नाहीत. सुयांपेक्षा मोठा धोका सुयांवर विसंबून दुसरे उपचार सोडण्यात आहे. नैराश्यविरोधी औषधे एकाएकी थांबवली तर त्रास होतो आणि विकार उलटू शकतो. आत्महत्येचे विचार, भ्रम किंवा खाणेपिणे सुटलेले असेल तर तत्काळ मनोविकारतज्ज्ञाकडे जावे लागते. तिथे ॲक्युपंक्चर पर्याय ठरत नाही.

नवे प्रयोग : कानाच्या खोलगट भागातील त्वचेत व्हेगस या मज्जातंतूची शाखा येते. याच तंतूला गळ्याजवळ शस्त्रक्रियेने बसवलेल्या उपकरणाद्वारे उद्दीपित करण्यास अमेरिकेत २००५ मध्ये, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी, मंजुरी मिळाली होती. कानावर सुईऐवजी चिमटा लावून त्वचेवरूनच विद्युतप्रवाह देण्याचे प्रयोग चिनी संशोधकांनी केले. इथे तुलनेचा पेच बराच सुटतो, कारण तोच चिमटा कानाच्या बाहेरच्या कडेला लावला की व्हेगसची शाखा टळते आणि रुग्णाला फारसा फरक कळत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६० रुग्णांच्या प्राथमिक चाचणीत खोलगट भागात प्रवाह दिलेले रुग्ण अधिक सुधारले. त्या चाचणीत रुग्णांची गटविभागणी मात्र यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी) नव्हती.