आठळ्या फेकू नका, नीट शिजवा

मे-जूनमध्ये फणस सोलापूरच्या बाजारात येतो. गरे संपतात आणि आठळ्या कचऱ्यात जातात, कारण ‘आठळी खाल्ली की पोट बिघडतं’. हे खरं आहे ते फक्त कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या आठळीबाबत. तिच्यात प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात. नीट शिजवलं की ते निकामी होतात. वरचं पांढरं चिवट साल काढा, मीठ घालून कुकरला चार शिट्ट्या द्या. सुरी सहज आरपार जायला हवी. मधे कडक लागली तर आणखी दोन. आतली पातळ तपकिरी साल राहू द्या, त्यात तंतू असतात. भाजताना आधी चीर द्या, नाहीतर आठळी फुटून उडते. पिष्ट भरपूर, म्हणून एका वेळी सात-आठ पुरे. काळा मसाला, शेंगदाण्याचं कूट घालून केलेली आठळ्यांची आमटी ज्वारीच्या भाकरीबरोबर फार छान लागते.