खात्यातली रक्कम आली कुठून? आयकराच्या नोटिशीला उत्तर देण्याआधी

बचत खात्यात एका आर्थिक वर्षात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली, की बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते. चालू खात्यासाठी हा आकडा ५० लाख आहे. विवरणपत्रातल्या उत्पन्नाशी हे भरणे जुळले नाही, तर कलम १४२(१)ची, म्हणजे माहिती आणि कागद मागणारी, नोटीस येऊ शकते. त्यानंतर स्रोत दाखवण्याची जबाबदारी तुमची. हे माहितीपत्रक १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ६८ ते ६९डीबद्दल, म्हणजे स्रोत न पटलेल्या रकमांबद्दलच्या कलमांबद्दल आहे. १ एप्रिल २०२६ पूर्वीच्या वर्षांची प्रकरणे त्याच कलमांनी चालतात.

आधी आकडा पाहा. १० लाखांचे स्पष्टीकरण फेटाळले गेले, तर कलम ११५बीबीईनुसार ६० टक्के म्हणजे ६ लाख कर, त्यावर २५ टक्के अधिभार म्हणजे दीड लाख आणि ४ टक्के उपकर ३० हजार. एकूण ७ लाख ८० हजार. कलम २७१एएसीचा ६० हजारांचा दंड आणि व्याज वेगळे. यातून खर्चाची वजावट मिळत नाही, तोटाही वळता करता येत नाही.

हातउसने घेतले असतील तर

तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: देणारा कोण, त्याची ऐपत होती का आणि व्यवहार खरा आहे का. ओळख पॅन आणि पत्त्यावरून पटते. व्यवहार बँकेतून झाला असेल तर तिसरा मुद्दाही बराचसा सुटतो, पण पूर्ण नाही. प्रकरणे अडकतात ती ऐपतीपाशी.

अधिकारी देणाऱ्याचा खातेउतारा मागतो आणि नजर टाकतो ती धनादेश वटण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांवर. समजा, तुम्हाला १८ तारखेला ८ लाख आले. देणाऱ्याच्या खात्यात १५ तारखेला शिल्लक ११ हजार, १७ तारखेला ८ लाख रोख जमा आणि त्याच्या विवरणपत्रात वर्षाचे उत्पन्न ३ लाख. असा उतारा जोडणे म्हणजे आपल्याच हाताने विभागाला पुरावा देणे. निर्धारण वर्ष २०२३-२४ (म्हणजे आर्थिक वर्ष २०२२-२३) पासून तर हिशेबवहीत जमा झालेल्या कर्जाबाबत देणाऱ्याने स्वतःकडच्या पैशाचा स्रोतही समाधानकारक सांगावा लागतो. म्हणून त्याचे कन्फर्मेशन पत्र (रक्कम दिल्याची लेखी कबुली), विवरणपत्र, किमान सहा महिन्यांचा उतारा आणि त्या जमेमागचे कागद (एफडी मोडल्याची पावती, जमीन विक्रीचा दस्त) एकत्रच घ्या. माहिती मागवणारी कलम १३३(६)ची नोटीस थेट त्याच्याकडे जाऊ शकते. ती 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत आली, तर तुमचे कन्फर्मेशनही दुबळे पडते.

रोख हातउसने २० हजार किंवा त्याहून जास्त असतील, तर 'उसने घेतले' हे खरे उत्तरही महागात पडते. असे रोख कर्ज घेण्यास मनाई करणाऱ्या कलम २६९एसएसच्या भंगाबद्दल त्या रकमेइतका दंड लागू शकतो.

आधी काढलेली रोख पुन्हा भरली असेल तर

हे स्पष्टीकरण चालते, पण तारखांचा माग हवा. केवळ प्रतिज्ञापत्राने भागत नाही. तारीख, आरंभीची रोख, काढलेली रक्कम, घरखर्च, भरलेली रक्कम, शिल्लक असा तक्ता करा. कोणत्याही दिवशी शिल्लक वजा जात असेल, तर तक्ता तिथेच कोसळतो.

दुसरी फट उताऱ्यातच असते. १२ जानेवारीला ४ लाख काढले आणि २० मार्चला साडेतीन लाख भरले, असे आपण म्हणतो. मधल्या काळात एटीएममधून दर आठवड्याला दहा-दहा हजार निघालेले दिसतात. घरात एवढी रोख होती तर हे कशाला, असा प्रश्न येणारच. चार लाख कशासाठी काढले होते (घराचा सौदा, शस्त्रक्रिया, लग्न) आणि तो बेत का फिसकटला, याचा एखादा तरी कागद शोधा. रद्द झालेला करारनामा किंवा रुग्णालयाचा खर्चाचा अंदाजही उपयोगी पडतो.

भेट, शेती, विक्री

नातेवाइकाची भेट करमुक्त असते, पण कायद्यातला नातेवाईक म्हणजे लग्नपत्रिकेतला नातेवाईक नव्हे. मामाने भाच्याला दिलेली रक्कम करमुक्त. भाच्याने मामाला वर्षात ५० हजारांवर दिली, तर ती पूर्ण रक्कम मामाच्या उत्पन्नात धरली जाते. चुलतभाऊ, मावसभाऊ या व्याख्येत बसत नाहीत. भेट देणाऱ्याचीही ऐपत दाखवावी लागते.

शेती उत्पन्नासाठी केवळ सातबारा पुरत नाही. त्यावरचा पीकपेरा, आडत्याच्या हिशेबपट्ट्या किंवा साखर कारखान्याची बिले आणि खते-बियाण्यांच्या पावत्या परस्परांशी जुळल्या पाहिजेत. पट्टी कांद्याची आणि पीकपेऱ्यात नुसते सोयाबीन, असे झाले की बाकीचे कागदही संशयात येतात.

दुकानाची रोख विक्री असेल, तर साठा नोंदवही आणि जीएसटी विवरणपत्रे द्या. विक्री आधीच उत्पन्नात धरलेली असल्यास त्याच रकमेवर दुसऱ्यांदा कर कसा, हा मुद्दा लेखी मांडा.

उत्तर देताना

पोर्टलवर घाईने दोन ओळी लिहून मोकळे होऊ नका. पहिले उत्तर नोंदीत राहते. पुढे दिलेले वेगळे कारण 'पश्चातबुद्धी' ठरते. कागद जमायला वेळ हवा असेल, तर मुदत संपण्याआधीच वाढ मागा. गप्प राहिल्यास कलम १४४खाली एकतर्फी आदेश होऊ शकतो. प्रत्येक जमेला क्रमांक द्या आणि तिचे कागद त्याच क्रमाने लावा. साठ पानांच्या एका सरसकट पीडीएफमधून अधिकारी तुमचा मुद्दा शोधत बसणार नाही.

बँकेचे पासबुक ही करदात्याची हिशेबवही नव्हे, म्हणून त्यातल्या जमेला कलम ६८ (हिशेबवहीतल्या स्रोत न पटलेल्या जमेचे कलम) लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. मुद्दा जरूर घ्यावा, पण फक्त त्यावर विसंबू नये: विभाग कलम ६९एकडे (हिशेबात न नोंदवलेल्या, स्रोत न पटलेल्या पैशाचे कलम) वळतो.

आदेश विरोधात गेला तर

अपिलाला आदेश मिळाल्यापासून ३० दिवस असतात. फॉर्म ३५ भरायचा. फी जास्तीत जास्त १,००० रुपये. आधी न दिलेला कागद अपिलात द्यायचा, तर नियम ४६एप्रमाणे तो तेव्हा का देता आला नाही याचे कारण लिहावे लागते, आणि 'सापडला नव्हता' एवढे सहसा पुरत नाही. अपील केले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. साधारणपणे मागणीच्या २० टक्के भरून स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.