निळा साल्व्हिया आणि आपला पावसाळा

नर्सरीतून हौसेने आणलेला निळा साल्व्हिया, म्हणजे निळ्या तुऱ्यांचं फुलझाड, जूनमध्ये अंगणात लावला की ऑगस्टपर्यंत गेलाच म्हणून समजा. माझी पहिली चार रोपं रत्नागिरीत अशीच गेली, पानं मलूल दिसली म्हणून मी आणखी पाणी घालत राहिलो आणि शेवटी कुंडी उपडी केली तर मुळं काळी पडून पार लगदा झालेला.

हे झाड मूळचं टेक्सास-मेक्सिकोकडचं, कोरड्या चुनखडीच्या जमिनीतलं, आणि आपल्याकडे कोकणात चार महिन्यांत साधारण ३००० मिमी पाऊस. मुळांना पाण्यासारखीच हवाही लागते, मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ती गुदमरतात, मग बुरशीला आयतं फावतं.

म्हणून आता पाऊस सरला की ऑक्टोबरात लावतो. दोन भाग लाल माती, एक भाग नदीची वाळू (किनाऱ्यावरची नको, तिच्यात मीठ असतं), एक भाग कुजलेलं शेणखत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अगदी थोडं, ते पाणी धरून ठेवतं. ऊन भरपूर हवं, आणि बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, बाजूने फुटवे येतात आणि तुरे वाढतात.

खोड चिमटीत धरून बघा, चौकोनी लागेल, तुळशीसारखंच, कारण दोघं एकाच कुळातली. फूल तर फारच सुंदर यंत्र आहे! पुंकेसर दोनच, तेही जणू बिजागरीवर बसवलेले. माशी मधासाठी आत तोंड घालते तेव्हा खालचा भाग ढकलला जातो आणि वरचे परागकोश झुकून तिच्या अंगावर टेकतात, थेट तरफच. साल्व्हियाच्या फुलांतली ही रचना श्प्रेंगेल या जर्मन अभ्यासकाने १७९३ सालीच पुस्तकात मांडली होती. झाडूचा बारीक हीर हळूच फुलात सारून पाहा, जमलं तर परागकोश खाली येताना दिसतील, माझ्या पुतणीने तर त्या दिवशी अख्खा तुरा संपवला.

पाकळ्या गळल्या तरी तुरा निळाच दिसतो, कारण पाकळ्यांना बुडाशी धरून ठेवणारा निदलपुंजही निळसर असतो आणि त्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव. तुरा पार सुकला की मात्र कापा, म्हणजे नवा येतो.

मे संपता संपता झाड निम्मं छाटून पडवीत घ्या, पागोळ्यांपासून लांब, आणि बोटभर लांबीची चार-पाच कटिंग्ज वाळूत लावून ठेवा. मोठं झाड गेलं तरी ऑक्टोबरला रोपं घरचीच.